आधी ओळखा, बोलतंय कोण

या पुस्तिकेची पहिली ओळ एका वहीच्या मागच्या पानावर लिहिली गेली. २०१० चा एप्रिल होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सी भाषेची प्रॅक्टिकल परीक्षा, आणि रात्री साडेअकराला सोलापुरातल्या एका लॅबमध्ये एकटा बसून मी लिहिलं होतं : ‘जीसीसी डॉट ईएक्सई ही फाइल शंभर बाइटचीसुद्धा नाही. असं कसं?’

ही ओळ सुचायला सहा तास लागले होते. लॅबमध्ये वीस मशीन, सगळ्यांवर विंडोज. मुलांना शेल, मेक आणि जीसीसी हा कंपायलर यांची सवय व्हावी म्हणून आम्ही त्यांवर सिगविन बसवलं होतं. विंडोज न काढता त्याच्यावरच युनिक्ससारखं वातावरण उभं करणारी ही व्यवस्था. डिसेंबर २००९ मध्ये सिगविनची १.७ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर जीसीसीची चौथी पिढी. तोवर आम्ही ३.४ वर होतो. मुलांना नवं मिळावं या ओढीने मी परीक्षेच्याच आठवड्यात वीसच्या वीस मशीन अद्ययावत केली.

बॅश या शेलच्या काळ्या खिडकीत सगळं ठीक होतं. जीसीसीला आवृत्ती विचारली की तो चार सांगायचा. पण मुलं प्रोग्रॅम लिहायची एका एडिटरमध्ये, आणि तो एडिटर कंपायलरला हाक मारायचा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून. तिथे प्रत्येक वेळी एकच उत्तर : ‘ॲक्सेस इज डिनाइड’. मी ते शब्दशः घेतलं. फोल्डरचे हक्क तपासले, ॲडमिनिस्ट्रेटर होऊन पाहिलं, अँटिव्हायरस बंद केला, एका मशीनवरचं सिगविन पुसून पुन्हा बसवलं. मध्येच भारनियमनाची वेळ झाली, यूपीएस ओरडू लागले, निम्मी मशीन बंद करावी लागली. करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा त्या फाइलचा आकार बघितला. साध्या यादीत ती दिसतच नव्हती. सिस्टिम प्रकारच्या फाइलीही दाखव असं सांगितल्यावर दिसली. नोटपॅडमध्ये उघडली तर आत कंपायलर नव्हता. एक उद्गारचिन्ह, कोनी कंसात ‘सिमलिंक’ हा शब्द आणि पुढे एक पत्ता, एवढाच ऐवज.

ती दारावर लावलेली पाटी होती. सिगविनने जुना जीसीसी-३ आणि नवा जीसीसी-४ असे दोन्ही शेजारी शेजारी ठेवले होते, आणि नुसतं ‘जीसीसी’ हे नाव म्हणजे या दोघांतल्या एकाकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक केली होती. सिगविनच्या बॅशला ही पाटी वाचता येते. विंडोजला येत नाही. त्याने पाटीलाच प्रोग्रॅम समजून चालवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि त्याच्याकडे असलेल्या वाक्यांतलं जवळचं वाक्य बोलून मोकळं झालं. एडिटरच्या सेटिंगमध्ये ‘जीसीसी’ खोडून ‘जीसीसी-४’ हे खऱ्या फाइलचं नाव लिहिलं, एवढाच उपाय. वीस मशीनवर ते करायला पाऊण तास लागला. परीक्षा नऊला सुरू झाली.

सहा तास मी कंपायलरची दुरुस्ती करत होतो, आणि कंपायलर जागाच झाला नव्हता. बोलत होतं विंडोज.

ही पुस्तिका त्या एका चुकीतून वाढली आहे. नवा कंपायलर बसवल्यावर काही बिघडलं की आपण ‘काय बिघडलं’ इथून सुरुवात करतो. त्याआधीचा प्रश्न असतो तो ‘बोलतंय कोण’ हा. एक प्रोग्रॅम चालवताना निदान सात जण रांगेत उभे असतात : शेल, मेक, जीसीसी नावाचा मुकादम, त्याच्या हाताखालचा खरा कंपायलर, मग असेम्ब्लर, लिंकर, आणि सरतेशेवटी प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा विंडोजचा लोडर. यांतला कुणीही अडला तरी विद्यार्थी म्हणतो, ‘‘सर, कंपायलर एरर देतोय.’’

ही गोष्ट मला नीट शब्दांत मांडता आली ती एका विद्यार्थिनीमुळे. शहराच्या पूर्व भागात तिचं घर, वडील चादरीच्या मागावर. जेकार्डची कार्डं ओवायचं काम तिने लहानपणापासून पाहिलेलं. मी वर्गात एररबद्दल बोलत होतो तेव्हा ती म्हणाली, ‘‘आमच्यात डिझाइन चुकलं की आधी चूक कशी पडली ते बघतात की हो सर. माग लगेच खोलत नाहीत.’’ मग तिने फळ्यावर येऊन दाखवलं. नक्षी असते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर, आणि एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. कार्डांची माळ फिरते. जिथे भोक असेल तिथला हूक आपला उभा धागा उचलतो, नसेल तिथला खाली राहतो, आणि त्या फटीतून धोटा जातो. आता चादरीत दोष आला. तो आडवा असेल आणि दर नक्षीला त्याच ठिकाणी परत येत असेल, तर एखादं कार्ड फाटलंय किंवा मागेपुढे ओवलं गेलंय. दोष उभा असेल, चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ, तर कार्डांना हात लावायचा नाही. हूक अडकलाय किंवा दोरी तुटलीय. आणि नक्षी बरोबर पण वीण कुठे सैल, कुठे घट्ट, तर दोन्ही सोडून ताण बघायचा. दोषाचा आकारच त्याचा पत्ता सांगतो.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, जेकार्डच्या भोकांच्या कार्डांचं संगणकाशी असलेलं नातं पाठ्यपुस्तकांत येतं, आणि आम्ही शिक्षक ते दोन मिनिटांत उरकतो. त्या मुलीने सांगितलेलं मात्र कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नव्हतं. पुस्तिकेचं दुसरं प्रकरण सगळं तिच्या त्या फळ्यावरच्या आकृतीवर उभं आहे.

एररलाही आकार असतो. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, त्या ओळीतली जागा आणि मग ‘एरर’ हा शब्द : हा खरा कंपायलर. त्याने तुमचा प्रोग्रॅम वाचायला घेतला आहे आणि एका जागी बोट ठेवलं आहे. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, आणि शेवटच्या ओळीत ‘एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस’ : हा लिंकर. कंपायलर आपलं काम संपवून गेलेला असतो, प्रोग्रॅमच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचून काही मिळणार नाही. लायब्ररी राहिली आहे किंवा चुकीच्या क्रमाने दिली आहे. तीन चांदण्या आणि पुढे ‘नो रूल टू मेक टार्गेट’ : हा मेक. ‘कमांड नॉट फाउंड’ : हा शेल, आणि त्याच्या अलीकडे जर तिरपी रेघ आणि ‘आर’ हे अक्षर दिसलं, तर फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये लिहिली गेली आहे, ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलंय, आणि ‘डॉस टू युनिक्स’ चालवलं की काम होतं. पडद्याच्या मधोमध चौकट उघडून अमुक डीएलएल सापडली नाही असा मजकूर आला, तर तो लोडर. म्हणजे प्रोग्रॅम कंपाइल झाला, लिंक झाला, आणि दारात अडकला.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. बोलणारा कळला म्हणजे कारण कळलंच असं नाही. मे २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि आमच्याकडे ‘मल्टिपल डेफिनिशन’ या तक्रारींची रांग लागली. बोलत होता लिंकर. पण लिंकर काही बदलला नव्हता. मुलं हेडर फाइलमध्ये ‘इंट काउंट’ असा चल जाहीर करून ती फाइल दोन ठिकाणी जोडत. जुना कंपायलर अशा चलांना एका सामायिक कोपऱ्यात ठेवायचा आणि लिंकर त्यांचा एकच करून टाकायचा. दहाव्या आवृत्तीने ही सवलत आपणहून देणं बंद केलं. लिंकर फक्त निरोप्या होता. तरीही तपास लिंकरपासून सुरू करूनच उलगडला.

नेमकी कोणती ‘युनिक्ससारखी’ व्यवस्था आपल्या मशीनवर आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. जीसीसीची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये सिग्नस या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह चेम्बरलेन यांनी विंडोजवर युनिक्सच्या आज्ञा समजणारा एक थर बांधायला घेतला. सिग्नस आणि विंडोज मिळून सिगविन. १९९८ मध्ये कॉलिन पीटर्स यांनी उलटी वाट धरली : मधला थर नको, जीसीसीनेच थेट विंडोजचा प्रोग्रॅम बनवावा. ते मिनजीडब्ल्यू. पुढे त्यातून ६४ बिटसाठी मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ निघालं, आणि २०१३ पासून एमसिस-२ ने सिगविनसारखा शेल आणि मिनजीडब्ल्यूचा कंपायलर एका घरात आणले. आज नवा विद्यार्थी बहुधा यातूनच सुरुवात करतो.

वंशावळ विसरली तरी चालेल, एक फरक विसरू नका. सिगविनच्या जीसीसीने बनवलेला प्रोग्रॅम सिगविन-१ डीएलएलशिवाय जगत नाही. तो युनिक्सच्या प्रथा पाळतो. मिनजीडब्ल्यूचा प्रोग्रॅम जन्मतः विंडोजचा. एकाच ६४ बिट लॅपटॉपवर दोघांनाही ‘लाँग’ या प्रकाराचा आकार विचारा : सिगविन आठ बाइट सांगतो, मिनजीडब्ल्यू चार. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तोंडी परीक्षेत एकाला पैकीच्या पैकी आणि दुसऱ्याला शून्य मिळालेलं मी पाहिलं आहे, आणि ते मला अजून खुपतं.

आता खुद्द कंपायलर बोलतो तेव्हाचं. या भागाला पुस्तिकेत सगळ्यात जास्त पानं दिली आहेत, कारण इथे आपल्याकडची एक जुनी सवय आडवी येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी सी शिकली ती बोर्लंडच्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. टर्बो सी १९८७ मधला. डॉसवरचा, १६ बिटचा. आजचं ६४ बिट विंडोज १६ बिटचा प्रोग्रॅम चालवत नाही, म्हणून तो डॉसबॉक्समध्ये घालून जिवंत ठेवला गेला. त्या पडद्याने हजारो मुलांना प्रोग्रॅमिंगची पहिली गोडी लावली, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्याच्याबरोबर जर्नलांमध्ये एक भाषा रुजली : ‘मेन’ च्या आधी काहीच न लिहिणं, ‘कोनिओ’ हेडर आणि ‘क्लिअर स्क्रीन’, ‘आयओस्ट्रीम डॉट एच’. आणि ती जर्नलं एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे उतरत राहिली.

जीसीसीने ही भाषा बराच काळ चालवून घेतली. मार्च २००८ च्या ४.३ आवृत्तीत ‘डॉट एच’ वाली सी प्लस प्लसची जुनी हेडरं गेली, आणि एका हेडरच्या आडून दुसरं फुकट मिळणंही कमी झालं. स्ट्रिंगची फंक्शनं वापरायची तर त्यांचं हेडर स्वतः लिहा. सीच्या बाबतीत मात्र कंपायलर नुसता वॉर्निंग देऊन पुढे जायचा. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ आला आणि त्याने तीन-चार जुन्या वॉर्निंगांच्या थेट एरर केल्या. फंक्शन किंवा चलाचा प्रकार लिहिला नाही तर एरर. जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर एरर. पॉइंटरच्या जागी पूर्णांक दिला तर एरर.

त्या जूनमध्ये आमच्याकडे जे झालं ते मजेशीर वाटेल, पण मुलांसाठी ते फार त्रासाचं होतं. एकाच बाकावर दोघी. एकीच्या लॅपटॉपवर कोडब्लॉक्स २०.०३ आणि त्याच्याबरोबर आलेला जीसीसी ८.१, दुसरीने नुकतंच एमसिस-२ बसवलेलं, त्यात जीसीसी १४. जर्नलमधला तोच प्रोग्रॅम पहिलीकडे चालला, दुसरीकडे पाच एरर. दुसरीला सांगण्यात आलं की तुझा लॅपटॉप बिघडलाय, जुनी आवृत्ती टाक.

लॅपटॉप ठीक होता. प्रोग्रॅमच पंचवीस वर्षं चुकीचा होता, कारण प्रकार न लिहिणं आणि जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणानेच बाद केलं होतं. मग इतकी वर्षं चालला कसा? याचं उत्तर मुलांना देताना मी नेहमी आकडे लिहितो. टर्बो सीच्या नेहमीच्या स्मॉल मॉडेलमध्ये पूर्णांक दोन बाइटचा आणि पॉइंटरही दोन बाइटचा. पुढे ३२ बिटच्या मशीनवर दोन्ही चार-चार बाइटचे. समजा, पॉइंटर परत करणारं आपलंच फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये आहे आणि इथे ते जाहीर करायला विसरलो. कंपायलर गृहीत धरायचा की ते पूर्णांक देतं. मापं सारखीच असल्याने पॉइंटर त्या मापातून सुखरूप जायचा. ६४ बिटवर पूर्णांक चार बाइटचाच राहिला आणि पॉइंटर झाला आठ बाइटचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग वाटेत गळतो. प्रोग्रॅम कधी चालतो, कधी मरतो, कधी भलत्याच ठिकाणी लिहून ठेवतो. जुना कंपायलर हे दिसत असून एक पुटपुट करून सोडून द्यायचा. नव्याने दार अडवलं. मला त्याचं हे अडवणं पटतं.

म्हणून जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा सल्ला या पुस्तिकेत कुठेही नाही. एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५ ने पुढचं पाऊल टाकलं : काही न सांगता तो आता सी-२३ हे प्रमाण धरतो. त्यात ‘बूल’ हा भाषेचा स्वतःचा शब्द आहे, त्यामुळे ‘टाइपडेफ इंट बूल’ लिहिलेली जुनी फाइल अडते. आणि फंक्शन जाहीर करताना रिकामा कंस ठेवला तर त्याचा अर्थ ‘काहीच घेत नाही’ असा होतो, ‘काय घेतं ते सांगितलेलं नाही’ असा नाही. कुणाची मोठी जुनी लायब्ररी यावर अडली तर प्रमाण सी-१७ चं आहे असं एका पर्यायाने कंपायलरला सांगता येतं, आणि तसं सांगणं योग्यच आहे. ती लायब्ररी त्या काळात लिहिली गेली होती. पण स्वतःच्या वीस ओळींच्या प्रोग्रॅमसाठी ‘पर्मिसिव्ह’ हा पर्याय लावून एररांच्या पुन्हा वॉर्निंगा करून घेणं, हे मला मान्य नाही. अडचण नेमकी कुठे आहे हे बघायला एका संध्याकाळपुरतं चालेल. सबमिशनला तसं आणू नका.

तिसरं प्रकरण पाथचं, म्हणजे आज्ञा कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची त्या यादीचं. एका मुलाच्या लॅपटॉपवर मला चार जीसीसी सापडले होते : एक सिगविनचा, एक एमसिस-२ चा, एक कोडब्लॉक्सबरोबर आलेला आणि एक स्ट्रॉबेरी पर्लबरोबर. त्याने नवी आवृत्ती बसवली होती, तरी बोलत होती जुनी, कारण पाथच्या यादीत तीच आधी उभी होती. ‘व्हिच’ या आज्ञेला ‘ए’ हा पर्याय जोडला की हे सगळे जण क्रमाने समोर येतात. बॅशची एक खोड इथे लक्षात ठेवा : एकदा सापडलेल्या आज्ञेचा पत्ता तो त्या खिडकीपुरता लक्षात ठेवतो. पाथ सुधारूनही जुनाच कंपायलर चालत असेल तर ‘हॅश’ ला ‘आर’ हा पर्याय देऊन ती आठवण पुसा, किंवा सरळ नवी खिडकी उघडा.

डीएलएलची गोष्ट याहून अवघड. विंडोज डीएलएल शोधताना आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं, मग सिस्टिमच्या फोल्डरांत, आणि पाथ अगदी शेवटी. नव्या कंपायलरने बनवलेल्या सी प्लस प्लस प्रोग्रॅमला दुसऱ्याच कुणाची जुनी ‘लिबएसटीडीसी प्लस प्लस’ डीएलएल आधी सापडली, तर चौकट येते की अमुक प्रोसीजरचा एंट्री पॉइंट मिळाला नाही. निदान चौकट तरी येते. खरा छळ होतो तो जीसीसीच्या हाताखालच्या कंपायलरलाच चुकीची डीएलएल मिळते तेव्हा. आज्ञा दिली, खिडकीत पुढची ओळ आली, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि प्रोग्रॅमही बनलेला नाही. मुलं तीन-तीनदा तेच करत राहतात. अशा वेळी मागच्या आज्ञेचा एक्झिट कोड विचारायचा. शून्य नसेल तर कुणीतरी मुकाट्याने मेलंय. मग पाथमधून बाकीची सगळी बिऱ्हाडं तात्पुरती काढून, एकटा नवा कंपायलर ठेवून बघायचं. सिगविनवर ‘सिगचेक’ हे साधन कोणती डीएलएल कुठून उचलली जाते ते दाखवतं. आणि सिगविन-१ डीएलएल मशीनवर एकच असावी. कुठल्याशा सॉफ्टवेअरने आपल्याबरोबर दुसरी आणलेली असते आणि दोन्ही एकमेकींच्या पायात पाय घालतात.

आता जे सांगतो ते मला कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडलं नाही, कारण ते आपल्याच घरांत घडतं. लॅपटॉप नवा येतो. वडील कौतुकाने मुलाचं नाव देवनागरीत टाकून खातं उघडतात. विंडोज त्याच नावाचं फोल्डर तयार करतं, आणि मुलाचे सगळे कागद त्या फोल्डरच्या पोटात जातात. मग मिनजीडब्ल्यूचा जीसीसी बसवला की तो सांगतो, अशी फाइल किंवा असं फोल्डर नाही. आणि नावाच्या जागी छापतो प्रश्नचिन्हांची रांग. कारण असं : विंडोजमध्ये अक्षरं ओळखण्याची जुनी पद्धत कोड पेजांची. फाइलींच्या नावांसाठी लावता येईल असं देवनागरीचं पेज विंडोजमध्ये कधी बनलंच नाही. मराठी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडमधून. जे प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने फाइलची नावं मागतात त्यांच्या लेखी ‘सिद्धेश्वर’ म्हणजे काही प्रश्नचिन्हं. सिगविन आतून युनिकोड वापरतं, त्यामुळे त्याला हा त्रास फारसा नाही. अलीकडे मिनजीडब्ल्यूच्या बाजूनेही सुधारणा होत आहेत, पण जुनी आवृत्ती असेल तर अडचण येणारच, आणि तीही अशी की प्रोग्रॅम दुसऱ्या ड्राइव्हवर इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये हलवला तरी जात नाही. कारण कंपायलर मधल्या फाइली ठेवतो टेम्प फोल्डरमध्ये, आणि तो असतो खात्याच्या पोटात. टीएमपी आणि टेम्प हे दोन्ही चल ‘सी’ ड्राइव्हवरच्या एखाद्या साध्या, नावात मोकळी जागा नसलेल्या फोल्डरकडे वळवा. मुलाचं नाव बदलायची गरज नाही. हे मी आग्रहाने सांगतो. एका आईने मला विचारलं होतं, ‘‘मराठीत नाव टाकलं ते चुकलं का आमचं?’’ चुकलं नव्हतं. चूक त्या जुन्या पद्धतीची होती.

भाषेचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. सोलापुरात आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी मुलं असतात. शाळा बहुतेकांची मराठी. त्यांच्यापुढे एकदम इंग्रजीतल्या चाळीस ओळी येतात. जीसीसीच्या संदेशांची जर्मन, फ्रेंच, जपानी, व्हिएतनामी अशी भाषांतरं आहेत. मराठी नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सी आणि सी प्लस प्लसचे धडे जीसीसीवर बेतले आणि ते मराठीतही आणले. मी ते वर्गात दाखवतो आणि त्यांचा मोठा आधार वाटतो. पण ते धडे लिनक्सवरचे, आणि त्यांतला प्रोग्रॅम शिक्षकाने नीट बसवलेल्या मशीनवर चालतो. घरच्या विंडोजवर तो अडला तर पुढे काय, ही पोकळी उरते. तेवढी भरायचा हा प्रयत्न आहे. साठ संदेश निवडले आहेत. प्रत्येकाचा मराठी अर्थ, बोलणारा कोण, आणि आधी काय बघायचं. शब्दाला शब्द भाषांतर केलेलं नाही. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ चा अर्थ ‘प्रवेश नाकारला’ असा लिहून माझीच ती रात्र कुणाला पुन्हा काढायला लावायची नव्हती.

चाळीस ओळींतली पहिलीच वाचा, हे मात्र प्रत्येक पानावर लिहावंसं वाटलं. बाकीच्या एकोणचाळीस बहुधा पहिलीची पिलं असतात. मुलं खिडकीत सगळ्यात खाली जे दिसतं तिथून वाचायला लागतात, कारण डोळा तिथे असतो.

विंडोजमध्येच पूर्ण लिनक्स चालवायची सोय आता आहे, मग हे सगळं कशाला, असं काही सहकाऱ्यांनी विचारलं. ज्याच्याकडे मेमरी आहे, ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क आहेत आणि व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे त्याने जरूर ते वापरावं. आमच्या लॅबमधल्या निम्म्या मशीनवर यांतलं एकही नव्हतं. काही मशीन अजून विंडोज ७ वर आहेत, आणि त्यांच्याबद्दल एक स्वतंत्र टीप आहे : डिसेंबर २०२२ च्या ३.४ आवृत्तीपासून सिगविन फक्त ६४ बिटचं राहिलं, आणि २०२४ च्या ३.५ पासून विंडोज ७ चा पाठिंबाही संपला. त्या मशीनवर नवं सिगविन चढत नाही म्हणून मुलाला दोष देऊ नये.

या प्रस्तावनेत आज्ञा मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. पुस्तिकेच्या आत त्या टाइप करायच्या तशाच छापल्या आहेत, मोकळ्या जागांसकट.

शेवटची सोळा पानं कोरी ठेवली आहेत. पुस्तिकेत न सापडलेली अडचण आली तर काहीही पुसण्याआधी, काहीही नव्याने बसवण्याआधी, तिथे चार गोष्टी लिहा : कोणत्या खिडकीत काम करत होता, ‘व्हिच’ ने किती जीसीसी दाखवले आणि कोणत्या क्रमाने, चालणाऱ्याची आवृत्ती काय, आणि संदेशाची पहिली ओळ, अक्षराला अक्षर. मग शिक्षकांकडे या, किंवा शेजारच्या बाकावर दाखवा. नमुना म्हणून पहिल्या कोऱ्या पानावर माझी २०१० ची नोंद छापली आहे. तिच्यात या चारांतली एकही गोष्ट नाही.